लसणीचं वाक्य

दार सानिकाच्या आईनं उघडलं आणि उघडल्या उघडल्या ती माझ्या अंगावर कोसळली. मी अडुसष्ट वर्षांची बाई. पाठीशी भिंत होती म्हणून दोघी पडलो नाही. मी तिला ओढत जिन्याच्या पायरीवर नेऊन बसवलं. गाऊनवर उलटीचे डाग होते, ओठ पांढरे पडले होते. "मावशी, सासूबाई उठत नाहीयेत," एवढंच ती बोलली आणि तिचं डोकं कठड्याला टेकलं.

दुपारचे अडीच वाजले होते. ऑगस्ट महिना, बहरीनच्या सनाबिस भागातला तिसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट, खिडक्या घट्ट बंद आणि एसी चालू. उघड्या दारातून लसणीचा वास येत होता. लसणीचा, आणि त्याच्या मागे सडक्या मासळीचा. शेजारच्या फ्लॅटचं दार कुलपात होतं आणि त्याच्या फटींना खालपासून वरपर्यंत खाकी चिकटपट्टी मारलेली होती.

माझ्याबरोबर कुंदाबाई होत्या. मी त्यांच्याच घरी काम करते. त्यांनी ॲम्ब्युलन्सला फोन लावला होता आणि त्या इंग्रजीत सांगत होत्या की मी एक टीचर आहे, माझ्या क्लासमध्ये सानिका नावाची मुलगी येते, ती आज आली नाही, म्हणून आम्ही...

मी म्हटलं, "बाई, पहिलं वाक्य खोडा."

त्यांनी माझ्याकडे बघितलं.

"सनाबिस, इमारतीचा नंबर, तिसरा मजला. तीन माणसं बेशुद्ध पडतायत. शेजारून विषारी गॅस येतोय. तोंडाला मास्क लावून या. एवढंच."

त्यांनी तेवढंच सांगितलं, त्याच क्रमानं. पलीकडच्या माणसानं दुसरा प्रश्न विचारला नाही. मी पदर नाकाला लावला आणि आत गेले. पदरानं गॅस अडत नाही हे मला नंतर डॉक्टरांनी सांगितलं.

आत काय झालं ते सांगते. आधी मी तिथे का पोचले ते सांगायला हवं, कारण मी डॉक्टर नाही आणि त्यांची शेजारीणही नाही. माझं काम निबंध ऐकण्याचं आहे.

वाचणाऱ्याला इथेच शंका येईल. मलाही आली असती. चौथी पास बाई, व्हिसावर काम घरकामाचं, ही कसले निबंध ऐकणार? शिवाय हा लेख तिनं स्वतः लिहिलाय की कुणाकडून लिहून घेतलाय? स्वतः लिहिलाय. बाईंनी फक्त ऱ्हस्व-दीर्घ बघितलं, आणि दोन ठिकाणी त्यांनी घातलेले मोठे शब्द मी परत काढले.

नवरा गेल्यावर मी रत्नागिरी सोडून बहरीनला कुंदाबाईंकडे स्वयंपाकाला आले, त्याला सव्वीस वर्षं झाली. बाई अदलियातल्या त्यांच्या घरी मुलांना निबंध शिकवतात. शाळेचे इंग्रजीतले, आणि इथल्या मराठी मंडळाच्या गणपतीत स्पर्धा असते तिचे मराठीतले. एकदा एक मुलगी हॉलमध्ये निबंध वाचत होती आणि मी आत गवार मोडत होते. निबंध 'श्रमाचे महत्त्व' असा काहीतरी होता. मी आतून विचारलं, "अगं, पण काम कोण करतंय यात?" बाई हसल्या नाहीत. दुसऱ्या दिवसापासून त्यांनी माझी खुर्ची हॉलमध्ये ठेवली. म्हणाल्या, "शेवंती, तुला जे कळणार नाही ते मुलं परत लिहितील."

तेव्हापासून मंगळवारी आणि गुरुवारी दुपारी मी भाजीची परात मांडीवर घेऊन बसते आणि मुलं वाचतात. मुलांना लवकरच कळलं की माझ्या तोंडाकडे बघण्यात अर्थ नाही, हातांकडे बघायचं. निबंध कंटाळवाणा असला की माझी भाजी भराभर निवडून होते. निबंधात काही असलं की हात थांबतात. मला हे माहीतच नव्हतं. एका मुलीनं सांगितलं, "मावशी, यू स्टॉप्ड. इट वॉज गुड, ना?"

मी तीन गोष्टी विचारते. हे कोण ऐकणार आहे? तू स्वतः काय बघितलंस? आणि दोन गोष्टी जुळत का नाहीत? तिसरा प्रश्न माझा लाडका. एका निबंधात दोन गोष्टी जुळल्या नाहीत की कुणीतरी खोटं बोलतंय असं मी धरून चालते. बहुतेक वेळा ते वडील असतात. सनाबिसच्या फ्लॅटमध्ये वाढलेली मुलगी 'पहाटेच्या वेळी बैलांच्या घुंगरांनी मला जाग येते' असं वाचते. मी विचारते, घुंगरू बैलाच्या पायात बांधतात की गळ्यात? मुलगी दाराकडे बघते. दारात वडील गाडीची किल्ली फिरवत उभे. मग मी त्यांनाच आत बसवते आणि विचारते, तुमच्या घरी बैल होते का? नसतात. पंचायत समितीत नोकरीला होते आजोबा.

हल्ली मोबाइल निबंध लिहून देतो. ते ओळखणं त्याहून सोपं आहे. त्या निबंधात कुणाला घाम येत नाही. बहरीनच्या उन्हाळ्यावरचा निबंध आणि एकाही माणसाला घाम नाही. मी म्हणते, मोबाइलला एसीतच ठेवला होता वाटतं.

मोठी माणसंही यायची. हमीदभाई आमच्याच जिल्ह्यातले, सीफमध्ये एका दुकानाच्या गोदामावर स्टोअरकीपर. त्यांचा बहरीनी मॅनेजर निवृत्त होणार होता आणि निरोपाचं भाषण यांच्यावर आलं. चार पानं लिहून आणली, त्यात मॅनेजरला सूर्य, वटवृक्ष आणि दीपस्तंभ म्हटलेलं. मी विचारलं, ऐकणार कोण? म्हणाले, मल्याळी, फिलिपिनो, थोडे बहरीनी, आणि तो स्वतः. मी म्हटलं, "त्यातल्या किती जणांनी वडाचं झाड बघितलंय? त्यानं तुमच्यासाठी काय केलं ते सांगा." हमीदभाईंनी पानं उलटी ठेवली. मग म्हणाले, माझी आई वारली तेव्हा माझा पासपोर्ट कंपनीच्या कपाटात होता आणि किल्लीवाला सुट्टीवर. मॅनेजरनं कपाट फोडलं. मी म्हटलं, एवढंच बोला आणि खाली बसा. ते तेवढंच बोलले. मॅनेजरनं म्हणे विचारलं, "खलास?" हे म्हणाले, "खलास." आणि तो म्हातारा रुमाल शोधायला लागला.

हे सांगितलं ते माझी फुशारकी म्हणून. आता जे सांगते त्यात फुशारकी नाही.

सानिका दहा वर्षांची. इंग्रजीतच बोलणार, पण मराठी अक्षर सुरेख. आई सीफच्या एका ऑफिसात, वडील रिफायनरीकडे शिफ्टला, शिफ्ट लागली की आठवडाभर तिकडेच. आजी चिपळूणहून व्हिजिट व्हिसावर आली होती. गणपतीच्या स्पर्धेचा विषय 'माझ्या घरातली व्यक्ती'. मंगळवारी सानिकानं निबंध वाचला. तो कागद अजून माझ्याकडे आहे, म्हणून जसंच्या तसं लिहिते.

'माझी आजी चातुर्मासात कांदा-लसूण खात नाही. ती दिवसातून एकदाच जेवते आणि स्वतःचं जेवण स्वतः बनवते. आम्ही पिझ्झा आणला तर ती आपलं ताट घेऊन खोलीत जाते. मी तिच्या खोलीत झोपते. ती मला पाढे म्हणायला लावते. आमच्या खोलीत कालपासून लसणीचा वास येतो. झुरळं आपोआप मरून पडतात. आजी म्हणते ती कापूर लावते म्हणून मरतात.'

झुरळांच्या वाक्याला माझे हात थांबले. मला नक्की आठवतं. हातात गवारीची शेंग होती, अर्धी मोडलेली. पण तोंड सवयीनं पुढे गेलं.

मी म्हटलं, "आजी लसूण खात नाही, आणि खोलीत लसणीचा वास. दोन्ही खरं कसं?"

"बट इट स्मेल्स, मावशी."

"मग आजी चोरून खाते."

बाकीची मुलं हसली. सानिका लाल झाली. "शी डझन्ट चीट," ती म्हणाली.

"मग तू खोटं लिहिलंस. ते वाक्य खोड. झुरळंही खोड. आजीच्या निबंधात झुरळं कशाला?"

तिनं पट्टी ठेवून दोन सरळ रेघा मारल्या. नीटनेटकी मुलगी. कागद माझ्या हातात दिला आणि घरी जाईपर्यंत माझ्याकडे बघितलं नाही.

मी आयुष्यभर खोटं शोधलं. न जुळणाऱ्या दोन गोष्टी दोन्ही खऱ्या असू शकतात, आणि मग त्यांच्यामध्ये तिसरं काहीतरी असतं, हे माझ्या डोक्यात आलं नाही. मी वासावर संशय घ्यायला हवा होता. मी पोरीवर घेतला.

गुरुवारी ती आली नाही. दुपारी तिच्या आईचा बाईंना मेसेज आला. बाईंनी मोठ्यानं वाचला: सानिकाला काल संध्याकाळपासून उलट्या होतायत, आजींनाही, मलाही मळमळतंय म्हणून सुट्टी घेतली आहे, बहुतेक परवाचा पिझ्झा बाधला, फार्मसीतून औषध आणलंय.

बाई म्हणाल्या, या दिवसांत बाहेरचं खाऊच नये. मी परात खाली ठेवली.

"आजीला कसा बाधला?"

"म्हणजे?"

"आजी पिझ्झा खात नाही. पोरीनं लिहिलंय. ती आपलं वेगळं शिजवते, एकदाच जेवते. पोट एक नाही तर दुखणं एक कसं?"

बाई म्हणाल्या, उन्हाचं असेल. मी म्हटलं, घराबाहेर कोण पडतंय? मी खणातून सानिकाचा कागद काढला. दोघींचं एक काय आहे ते शोधायला लागले. ताट वेगळं. पाणी तर सगळ्या घराचंच. खोली एक. त्या खोलीत काय आहे ते मीच खोडायला लावलेल्या रेघांच्या खाली होतं. रेघा बारीक होत्या, अक्षर दिसत होतं. लसणीचा वास. झुरळं आपोआप मरतात.

मी चौथीपर्यंतच शिकले, पण चौथीत जे शिकले ते कामाला आलं. आमच्या शाळेच्या भिंतीला लागून धान्याचं गोदाम होतं. पोत्यांना कीड लागली की तिथे गोळ्या ठेवायचे आणि ताडपत्री टाकायचे. तेव्हा गुरुजी आम्हाला उचलून लांब आंब्याखाली नेऊन बसवायचे. वारा फिरला की वास यायचा, लसणीसारखा, मागे सडकी मासळी. गोळी उघड्यावर राहिली की तिचा गॅस होतो आणि तो माणूस मारतो, असं गुरुजींनी सांगितलं होतं. गोदामाच्या कौलांखाली चिमण्या मरून पडलेल्या आम्ही बघितल्या होत्या.

इथे ढेकूण झाले की काही जण तसल्याच गोळ्या कुठून तरी मिळवतात, घरात ठेवतात आणि सुट्टीवर जातात, हे मी ऐकून होते. ऑगस्ट म्हणजे निम्मी इमारत सुट्टीवर. मी बाईंना विचारलं, त्यांच्या शेजारी कोण राहतं? बाईंना माहीत नव्हतं. सानिकाच्या आईला फोन लावला. उचलला नाही. तीनदा लावला. मग बाईंनी गाडी काढली. अदलियापासून सनाबिसपर्यंत बाई दोनदा म्हणाल्या, "शेवंती, तुझा संशय असेल नुसता." मी म्हटलं, असू दे, संशय निघाला तर चहा पिऊन येऊ.

तर मी आत गेले. सानिका खाली फरशीवर होती, बाथरूमच्या दाराशी. डोळे उघडे होते. मला ओळखलं. तिला काखेत धरून फरफटत बाहेर आणलं, दहा वर्षांचं पोर काही हलकं नसतं. मग आजी. आजी पलंगावर होत्या, भिंतीकडे तोंड करून. त्यांचा पलंग शेजारच्या फ्लॅटकडच्या भिंतीला लागूनच होता. हाक मारली तर फक्त "हं" म्हणाल्या. उशाशी कापराची डबी, खाली झुरळं. इमारतीचा वॉचमन आवाज ऐकून वर आला होता. त्यानं आणि मी चादरीची चार टोकं धरून त्यांना बाहेर काढलं. बाईंनी जिन्यातल्या खिडक्या उघडल्या. ॲम्ब्युलन्स लवकर आली आणि माणसं मास्क लावून वर आली. नाहीतर तीही आत जाऊन पडली असती.

शेजारचं कुटुंब रविवारी आपल्या देशी गेलं होतं. नंतर दार उघडलं तेव्हा भिंतीच्या त्या बाजूच्या खोलीत, गाद्यांच्या खाली, बशीत गोळ्यांची राख मिळाली. एसीच्या पाइपसाठी भिंतीत भोक होतं आणि ते नीट बुजवलेलं नव्हतं. त्या लोकांचं पुढे काय झालं ते मला पक्कं माहीत नाही, म्हणून लिहीत नाही.

मला दोन दिवस डोकेदुखी झाली. दुसऱ्याच दिवशी मंडळाची माणसं मिठाई घेऊन आली. म्हणाली, मावशी, तुमच्यामुळे जीव वाचले, गणपतीत तुमचा सत्कार करायचा, शाल-श्रीफळ. त्यांचं बोलणं ऐकताना मी नेहमीसारखी दोन गोष्टी जुळवत होते. जुळत नव्हत्या. मी म्हटलं, मंगळवारी मला ते वाक्य वाचून दाखवलं होतं. मी गुरुवारी गेले. मधला बुधवार कुणाच्या नावावर लिहायचा? एक जण म्हणाला, असं मनाला लावून घेऊ नका. मी मनाला लावत नव्हते, विचारत होते. सत्कार मी घेतला नाही. मिठाई ठेवून घेतली, मुलांना लागते.

सानिका दीड महिन्यानं क्लासला आली, गणपती होऊन गेल्यावर. बारीक झाली होती. मीच उठले आणि सगळ्यांसमोर म्हटलं, तू खरं लिहिलं होतंस, मी खोटी ठरले. ती म्हणाली, "आय नो." पोरीनं मला गोड बोलून सोडलं नाही, हे मला आवडलं.

मग तिनं दप्तरातून नवा कागद काढला.

मी विचारलं, "स्पर्धा तर झाली. हे कोण ऐकणार आहे?"

"बाबा," ती म्हणाली. "ही वॉज ऑन शिफ्ट. कुणी त्याला नीट सांगत नाही. मम्मी रडते. सगळे म्हणतात जे झालं ते झालं. तो मला विचारतो आणि मी पण... मला क्रमानं सांगता येत नाही."

तिच्या तोंडून एवढं मराठी मी पहिल्यांदा ऐकलं. म्हटलं, वाच.

तिनं रविवारपासून सुरुवात केली होती. शेजारच्या काकूंनी जाताना आजीला बाय केलं. सोमवारी वास आला. आजीनं कापूर लावला. मंगळवारी क्लासमध्ये मावशींनी वाक्य खोडायला लावलं. तिथे ती थांबली आणि विचारलं, "मावशी, हे खोडू?"

"ठेव."

बुधवारी शाळेच्या मैत्रिणीचा वाढदिवस होता, ती गेली नाही, पोटात ढवळत होतं. आजीनं तिचं डोकं मांडीवर घेतलं आणि स्वतः दोनदा उठून मोरीत गेली, पण सुनेला सांगितलं नाही, तिला सकाळी ऑफिस आहे म्हणून. बाबांनी फोनवर विचारलं तेव्हा आजी म्हणाली, आम्ही मजेत आहोत. हे सानिकाला सोडून कुणालाच माहीत नव्हतं. परात माझ्या मांडीवर होती आणि भाजी तशीच होती.

शेवटाला ती अडकली. तिनं लिहिलं होतं, 'आजी आकाशात तारा झाली आणि तिथून आमच्याकडे बघते.'

मी विचारलं, "कुणी बघितली?"

"नोबडी. असं लिहितात."

"बाबा काय विचारतो तुला?"

"तो विचारतो, काय झालं."

"मग काय झालं ते लिही."

तिनं पट्टी ठेवून ताऱ्याचं वाक्य खोडलं. त्याच्या खाली लिहिलं. या वेळी मला वाचून दाखवलं नाही, कागदच माझ्यापुढे धरला. मी काही बदललं नाही.

'त्या दुपारी घरात आम्ही तिघी होतो. मी जगले. मम्मी जगली. आजी हॉस्पिटलमध्ये तिसऱ्या दिवशी वारली.'